वर्गणी भरावी की न भरावी? लिंक्डइनच्या सशुल्क सभासदत्वाचा हिशेब

नोकरी सुटलेल्या किंवा सोडलेल्या माणसाकडे वेळ भरपूर असतो आणि पैसा मोजका. नेमक्या याच काळात तो लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळावर दिवसातून चार वेळा डोकावू लागतो, आणि नेमक्या याच काळात ते संकेतस्थळ त्याला ‘प्रीमियम’ सभासद होण्याचे निमंत्रण देत राहते. आपली माहिती कोणी तरी पाहिली आहे, पण कोणी ते कळण्यासाठी पैसे भरा. एका जागेसाठी शेकडो अर्ज आले आहेत, त्यांत आपण कुठे आहोत ते कळण्यासाठी पैसे भरा. अमुक कंपनीच्या अधिकाऱ्याला थेट लिहायचे आहे, तर पैसे भरा. पहिला महिना मोफत असतो. पुढे मात्र खात्यातून दरमहा रक्कम वळती होऊ लागते.

ही रक्कम खर्च म्हणायची की गुंतवणूक, हा प्रश्न आज मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथील असंख्य नोकरदारांपुढे आहे. त्याचे उत्तर सर्वांसाठी एकच नाही. परंतु पैसे भरून नेमके काय मिळते, काय मिळत नाही आणि फुकट काय मिळते, हे नीट समजून घेतले तर प्रत्येकाला आपापले उत्तर अर्ध्या तासात काढता येते.

कमाई कोणाकडून?

अमेरिकेत रीड हॉफमन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २००२च्या अखेरीस या संकेतस्थळाची जुळवाजुळव सुरू केली आणि ५ मे २००३ रोजी ते सर्वांसाठी खुले झाले. सभासदत्व मोफत ठेवायचे, हे सुरुवातीपासूनचे धोरण. नोकरीच्या जाहिराती आणि सशुल्क सभासदत्व हे उत्पन्नाचे मार्ग २००५ मध्ये आले. भारतातील कार्यालय २००९ मध्ये मुंबईत थाटण्यात आले, २०११ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने २६.२ अब्ज डॉलर मोजून ती विकत घेतली. जगभरातील सभासदांची संख्या २०२३ मध्ये १०० कोटींवर गेली. त्यांपैकी भारतातील सभासद १० कोटींहून अधिक असून अमेरिकेखालोखाल आपलाच क्रमांक लागतो. संकेतस्थळाचा वापर २०२४ पासून मराठीतूनही करता येतो.

या कंपनीला पैसे कोण देते, हे पाहणे उद्बोधक आहे. स्वतंत्र कंपनी म्हणून अखेरचे पूर्ण वर्ष ठरलेल्या २०१५ मध्ये तिचे उत्पन्न सुमारे तीन अब्ज डॉलर होते. त्यातील तीनपंचमांशांहून अधिक वाटा भरतीसाठी माणसे शोधणाऱ्या कंपन्यांकडून आला होता. सशुल्क सभासदत्वाचा वाटा साधारण अर्धा अब्ज डॉलर इतकाच होता. पुढे हा आकडा वाढत गेला आणि प्रीमियमचे वार्षिक उत्पन्न दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले.

या आकड्यांतून नोकरी शोधणाऱ्याला एक दिलासा मिळतो. भरती करणाऱ्या कंपन्या जी मोठी रक्कम मोजतात, ती मोफत सभासदांसह सर्वांची माहिती चाळता यावी म्हणून. मोफत सभासदांना त्यांच्या शोधातून वगळले तर विकायला माल उरणारच नाही. त्यामुळे ‘पैसे भरले नाहीत तर आपण कोणाला दिसणारच नाही’ ही धास्ती निराधार आहे. भरती अधिकारी शोध घेतात तो पदनाम, कौशल्ये, अनुभवाची वर्षे आणि गाव यांवरून. हे रकाने भरायला पैसे पडत नाहीत. अनेकांच्या प्रोफाइलमध्ये नेमके हेच रकाने अर्धवट असतात.

पैसे भरून काय मिळते?

नोकरी शोधणाऱ्यांसाठी ‘प्रीमियम करिअर’ ही योजना आहे. व्यावसायिकांसाठी ‘प्रीमियम बिझनेस’, विक्री विभागातील मंडळींसाठी ‘सेल्स नेव्हिगेटर’ आणि भरती करणाऱ्यांसाठी ‘रिक्रूटर लाइट’ अशा तिच्याहून महाग योजना आहेत. सर्वसाधारण नोकरदाराचा संबंध येतो तो पहिल्या योजनेशी. तिच्यात मुख्यतः चार गोष्टी मिळतात.

पहिली गोष्ट म्हणजे ‘इनमेल’. ज्यांच्याशी ओळख जोडलेली नाही अशा व्यक्तीला थेट पत्र पाठवण्याची ही सोय. करिअर योजनेत महिन्याला अशी पाच पत्रे पाठवता येतात. न वापरलेली पत्रे पुढच्या महिन्यात जमा होतात, परंतु ९० दिवसांनंतर ती बाद ठरतात. म्हणजे हाती जास्तीत जास्त १५ पत्रे साठतात. एक सवलत फारशी कोणाला ठाऊक नसते. पत्राला ९० दिवसांत प्रतिसाद मिळाला, मग तो नकार का असेना, तर ते पत्र सभासदाच्या खात्यात परत जमा होते. थोडक्यात, खर्ची पडते ते उत्तर न आलेले पत्र.

दुसरी गोष्ट म्हणजे आपले प्रोफाइल कोणी पाहिले याची यादी. मोफत सभासदाला अलीकडची काही मोजकीच नावे दिसतात. पैसे भरणाऱ्याला गेल्या ३६५ दिवसांची यादी पाहता येते. मात्र ज्याने नाव लपवून पाहण्याचा पर्याय निवडला आहे, त्याचे नाव पैसे भरूनही कळत नाही. आणि ते कळले तरी पुढे काय करणार, हा प्रश्न उरतोच. एखाद्या भरती अधिकाऱ्याने आपली माहिती पाहिली आणि संपर्क साधला नाही, तर त्याचे नाव समजल्याने निवड होत नाही. हुरहुर तेवढी वाढते. ज्याला त्या नावाच्या आधारे दुसऱ्याच दिवशी पत्र लिहायचे आहे, त्याच्यासाठी ही यादी उपयोगाची. इतरांसाठी ती केवळ कुतूहल शमवणारी.

तिसरी गोष्ट म्हणजे अर्जदारांची तुलना. एखाद्या जागेसाठी आलेल्या अर्जदारांचे शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये यांचा गोषवारा प्रीमियम सभासदाला दिसतो. काही जागांवर ‘आपण अग्रणी अर्जदार ठरू शकता’ अशी खूणही झळकते. ही खूण संगणकाने केलेल्या तुलनेची असते. कंपनीतील कोणा माणसाने अर्ज वाचून दिलेला तो कौल नव्हे. शिवाय ही सोय जितके अधिक लोक विकत घेतील तितकी तिची धार बोथट होणार, हे उघड आहे.

चौथी गोष्ट म्हणजे ‘लिंक्डइन लर्निंग’ हा अभ्यासक्रमांचा संग्रह. कंपनीने २०१५ मध्ये लिंडा डॉट कॉम ही शिकवणारी संस्था दीड अब्ज डॉलरना घेतली, तिच्यातून हा संग्रह उभा राहिला. त्यात हजारो अभ्यासक्रम आहेत. संगणकीय आज्ञावल्या, हिशेबाची कोष्टके, प्रकल्प व्यवस्थापन अशा विषयांचे छोटे पाठ चांगले आहेत. ज्याला खरोखर दोन-तीन अभ्यासक्रम पुरे करायचे आहेत, त्याची वर्गणी एवढ्यावरच वसूल होऊ शकते. पण केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर, तसेच आयआयटींच्या ‘एनपीटेल’ उपक्रमात पूर्ण सत्राचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात आणि प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क पडते. केवळ शिकण्यासाठी वर्गणी भरायची असेल तर आधी तिकडे पाहून यावे. नोव्हेंबर २०२३ पासून प्रीमियममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची मदतही देण्यात येऊ लागली. पत्राचा मसुदा, प्रोफाइलची सुधारणा वगैरे कामे त्यातून होतात. पण तशी मदत आता इतरत्रही सहज मिळते.

फुकट काय मिळते?

मोफत सभासदाला नोकऱ्यांचा शोध, अर्ज करण्याची सोय आणि नव्या जागांची सूचना मिळते. आपण नोकरीच्या शोधात आहोत हे फक्त भरती अधिकाऱ्यांनाच कळावे अशी व्यवस्था करता येते. ओळखीचा पुरावा म्हणून मिळणारी खूणही मोफत असते. भारतात २०२३ पासून डिजिलॉकरच्या साह्याने आधारवरून ती मिळवता येते. प्रीमियमचे सोनेरी चिन्ह मात्र निराळे. ते फक्त वर्गणी भरल्याचे चिन्ह आहे, खरेपणाचे नव्हे. नोकरी देतो असे सांगून ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘अनामत’ मागणाऱ्या व्यक्तीच्या नावाशेजारी सोनेरी चिन्ह दिसले, तर तेवढ्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

फुकट सोयींपैकी सर्वांत कमी वापरली जाणारी सोय म्हणजे महाविद्यालयाच्या पानावरील माजी विद्यार्थ्यांची यादी. आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोणत्या कंपनीत, कोणत्या गावी आणि कोणत्या कामात आहेत, हे तिथे गाळणी लावून पाहता येते. सांगली, छत्रपती संभाजीनगर किंवा अमरावतीतील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी बंगळुरूतील कंपनीत जागा शोधत असेल, तर त्या कंपनीत आपल्याच महाविद्यालयाचे चार-दोन जण आहेत की नाहीत हे त्याला एक रुपयाही न भरता कळते. अशा माणसाला ओळख जोडण्याची विनंती पाठवताना सोबत दोन ओळींची चिठ्ठी देता येते. मोफत सभासदाला अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात. म्हणून त्या जपून, नेमक्या माणसासाठी वापराव्यात.

ओळखींचे शास्त्र

ही दूरची ओळख खरोखर उपयोगी पडते का? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक निबंध या विषयात पायाभूत मानला जातो. बॉस्टनजवळील न्यूटन या गावी नोकरी बदललेल्या लोकांशी ते बोलले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ५५.६ टक्के लोक आपल्या त्या परिचिताला अधूनमधून भेटत होते आणि २७.८ टक्के क्वचितच भेटत होते. नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून नोकरीचा सुगावा लागलेले केवळ १६.७ टक्के होते. कारण साधे आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते; नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातील माणसाकडून.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर तपासण्यासाठी लिंक्डइनच्या संशोधकासह एमआयटी, स्टॅनफर्ड आणि हार्वर्ड येथील अभ्यासकांनी दोन कोटी सभासदांची पाच वर्षांची माहिती पाहिली. त्या काळात दोन अब्ज नव्या ओळखी जोडल्या गेल्या आणि सहा लाख जणांनी नोकऱ्या मिळवल्या. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की नोकरी बदलण्यास सर्वाधिक हातभार मध्यम दूरच्या ओळखींचा लागतो. अगदी जिवलगांचा नव्हे आणि केवळ नावापुरत्या परिचितांचाही नव्हे.

प्रीमियमचा विचार करताना यातील एक तपशील महत्त्वाचा आहे. हा अभ्यास झाला तो ‘तुमच्या ओळखीचे असू शकतील असे लोक’ या सूचनांवर. या सूचना प्रत्येक सभासदाला मोफत दिसतात. म्हणजे नोकरी मिळण्याशी ज्या गोष्टीचा संबंध संशोधनाने दाखवून दिला, ती गोष्ट वर्गणीशिवायही उपलब्ध आहे. जुन्या कार्यालयातील सहकारी, एखाद्या कामात भेटलेला ग्राहक, दोन वर्षे मागे-पुढे शिकलेला विद्यार्थी ही ती मध्यम दूरची माणसे. त्यांना लिहायला संकोच वाटतो हे खरे. पण पैसे भरल्याने संकोच जात नाही.

हिशेब कसा मांडावा?

शुल्काची रक्कम देशागणिक वेगळी असते, वेळोवेळी बदलते आणि सवलतीही जाहीर होत असतात. त्यामुळे आकडा आपल्याच पडद्यावर पाहावा आणि त्यात कर धरला आहे की नाही हेही पाहावे. उदाहरणादाखल महिन्याला एक हजार रुपये शुल्क धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ही रक्कम १,१८० रुपये होते. महिन्यात पाच पत्रे मिळतात, तेव्हा एक पत्र २३६ रुपयांना पडले. वर्षभर हीच वर्गणी चालू राहिली तर १४,१६० रुपये गेले.

आता प्रश्न असा विचारावा : येत्या ३० दिवसांत कोणत्या पाच माणसांना लिहायचे आहे? कागदावर त्यांची नावे, प्रत्येकाला लिहिण्याचे कारण आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग नाही ना, हे लिहून काढावे. यांपैकी एखाद्याचा ईमेल पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. एखादा आपल्याच जुन्या सहकाऱ्याचा परिचित निघतो. एखाद्याने कोणाही सभासदाकडून पत्रे घेण्याची तयारी दाखवलेली असते. अशा प्रीमियम सभासदाला मोफत सभासदही लिहू शकतो. एवढी चाळणी लावूनही यादीत तीन-चार नावे उरली, तर एक महिन्याची वर्गणी सार्थकी लागण्याची शक्यता आहे. यादीच करता आली नाही, तर पैसे भरल्यावरही ती आपोआप तयार होणार नाही.

या कसोटीवर काही ठोकताळे बांधता येतात. नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणाने शक्यतो वर्गणी भरू नये. त्याचे बळ महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांत आहे. आठ-दहा वर्षे अनुभव असलेला, एका विशिष्ट क्षेत्रातच जागा शोधणारा आणि कंपन्यांची यादी हाती असलेला नोकरदार एक-दोन महिन्यांपुरती वर्गणी भरून पाहू शकतो. क्षेत्रच बदलू इच्छिणाऱ्याला नव्या वर्तुळात ओळखी नसतात. त्याला पत्रे आणि अभ्यासक्रम या दोन्हींचा उपयोग होतो. स्वतंत्र व्यावसायिक आणि लघुउद्योजक यांची गोष्ट निराळी. ग्राहक शोधताना मोफत सभासदाच्या शोधांवर दरमहा मर्यादा येते आणि ती पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेलाच उठते. ही मर्यादा वारंवार आडवी येत असेल आणि एका ग्राहकाकडून होणारी कमाई वर्षभराच्या वर्गणीहून अधिक असेल, तर भरलेले पैसे हा धंद्यातील खर्च समजावा. जो नोकरीत सुखी आहे आणि केवळ आपले प्रोफाइल कोण पाहते याची उत्सुकता असलेला आहे, त्याने पैसे वाचवावेत.

सुरक्षितता विकत मिळते का?

पैसे भरणाऱ्याची माहिती अधिक जपली जात असेल, अशीही एक समजूत आहे. जून २०१२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे ६५ लाख सभासदांचे सांकेतिक रूपातील परवलीचे शब्द उघड झाले. त्यानंतर अमेरिकेत सशुल्क सभासदांच्या वतीने दावा दाखल झाला. कॅलिफोर्नियातील न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये तो सुरुवातीला फेटाळताना नोंदवले, की सुरक्षिततेविषयीची अभिवचने मोफत आणि सशुल्क सभासदांना एकसारखीच होती. ती वेगळी विकत घेतली गेली नव्हती. पुढे सुधारित दाव्यात तडजोड झाली आणि २०१५ मध्ये कंपनीने सशुल्क सभासदांसाठी साडेबारा लाख डॉलर देण्याचे मान्य केले. बोध एवढाच, की वर्गणीने सोयी मिळतात. कुलूप सर्वांना एकच असते. परवलीचा शब्द मजबूत ठेवणे आणि दुहेरी पडताळणी चालू करणे ही कामे ज्याची त्याने करायची आहेत आणि ती मोफत आहेत.

मोफत महिना आणि नंतरचे महिने

बहुतेकांचे पैसे जातात ते निर्णय घेतल्यामुळे नव्हे, तर निर्णय घ्यायचा राहून गेल्यामुळे. मोफत महिन्यासाठीही कार्डाचा तपशील द्यावा लागतो आणि मुदत संपण्यापूर्वी सभासदत्व रद्द केले नाही तर वर्गणी आपोआप सुरू होते. रद्द केल्यावर भरलेल्या मुदतीपर्यंत सोयी चालू राहतात, पण उरलेली पत्रे जातात आणि उर्वरित काळाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. वार्षिक वर्गणी महिन्याच्या हिशेबाने स्वस्त पडते. परंतु नोकरी तिसऱ्या महिन्यात लागली तर उरलेल्या नऊ महिन्यांचे पैसे आधीच गेलेले असतात. आयफोनवरील ॲपमधून वर्गणी भरली असेल तर ती ॲपलच्या खात्यातूनच रद्द करावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

ग्राहकाच्या बाजूने काही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या व्यवस्थेनुसार, कार्डावरून नियमित वळत्या होणाऱ्या रकमेची सूचना बँकेने किमान २४ तास आधी ग्राहकाला द्यायची असते. त्या सूचनेतूनच पुढचे हप्ते थांबवता येतात. वर्गणी रद्द करणे मुद्दाम किचकट करून ठेवण्याच्या प्रकाराला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘वर्गणीचा सापळा’ या अर्थाने मनाई करण्यात आली आहे. असा अनुभव कोणत्याही संकेतस्थळाच्या बाबतीत आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

पैसे भरण्यापूर्वी

• पदनाम, गाव, कौशल्ये आणि अलीकडच्या कामाचा तपशील आधी पूर्ण करावा. अर्धवट प्रोफाइलवरून पाठवलेले महागडे पत्र वाया जाते.

• ज्यांना लिहायचे आहे त्या पाच जणांची यादी आणि पत्रांचे मसुदे तयार झाल्यावरच मोफत महिना सुरू करावा. तो महिना यादी करण्यात घालवू नये.

• ज्या दिवशी मोफत महिना सुरू होईल त्याच दिवशी रद्द करण्याची तारीख दिनदर्शिकेत नोंदवावी. ती अखेरच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधीची असावी.

• पुढे चालू ठेवायचे असल्यास महिन्याचीच वर्गणी घ्यावी आणि दर महिन्याच्या शेवटी किती पत्रे गेली, किती उत्तरे आली, किती मुलाखती झाल्या हे तीन आकडे लिहावेत.

• दोन महिने उत्तरांचा रकाना रिकामा राहिला, तर वर्गणी थांबवून पत्रांचा मजकूर आणि नावांची यादी बदलावी.

वर्गणीने एखाद्या अनोळखी माणसाच्या दारापर्यंत जाता येते. दार उघडायचे की नाही हे तो माणूस ठरवतो, आणि तो ठरवतो ते पत्रातील चार ओळी वाचून. त्या चार ओळी ज्याच्यापाशी तयार आहेत त्याने खुशाल एक महिना पैसे भरावेत. ज्याच्यापाशी त्या नाहीत, त्याने आधी त्या लिहाव्यात. त्या लिहायला शुल्क नाही.